उतरत्या छपराची पेटी

गफूर मिस्त्रीचं नाव पहिल्याच ओळीत घालावं लागलं, आणि तिथूनच माझं डोकं फिरलं आहे. लेख माझ्या धंद्याबद्दल आहे. मलकापुरात स्टेशनच्या रस्त्यावर रेडिओचं दुकान मी टाकलं, सोल्डरचे चटके माझ्या बोटांना बसले, तांब्याची बारीक तार पाहून पाहून डोळे माझे अधू झाले. तरी चार शब्द लिहायला बसलो की हा माणूस मधे येतोच. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. माझं जळणं काही गेलं नाही.

आत्ता त्याची आठवण निघायला निमित्त झालं आमच्या सूनबाईचं. मीना पुढच्या खोलीत कॉम्प्युटर घेऊन बसते, लग्नपत्रिका आणि हँडबिलं जुळवून देते. यंदा ऐन लगीनसराईत तिचं मशीन संध्याकाळ झाली की आपोआप बंद पडायला लागलं. अर्धी पत्रिका तयार असायची आणि नवरदेवासकट गायब व्हायची. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, पॉवर सप्लाय बदला. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन मशीनला झेपेल अशी करून देणारा आतला डबा. मीना म्हणाली, "बाबा, तुम्ही जन्मभर हेच केलं ना? चला माझ्यासोबत."

दुकानदाराने दोन डबे काउंटरवर मांडले. एकाच्या पंख्यात निळा दिवा, अंगावर हा एवढा मोठा वॅटचा आकडा. दुसरा साधा काळा, त्याच्यावर आकडाही लहान. मी दोन्ही हातांत एकेक घेऊन उचलून पाहिले आणि काळा पुढे सरकवला.

"हा द्या."

"काका, त्याचे वॅट कमी आहेत," दुकानदार म्हणाला.

"छापलेले कमी हायेत. आत पाहा."

मीना लाजून कुजबुजली, "बाबा, वजनावर घ्यायला ही काय मेथीची जुडी आहे?"

आता तिला काय सांगायचं! आकडा छापायला शाई लागते. वीज पेलायला तांबं लागतं, लोखंड लागतं, तापलेला भाग थंड ठेवायला ॲल्युमिनियमची जाड पट्टी लागते, आणि ह्या तिन्ही गोष्टींना वजन असतं. ज्याने आत कंजुषी केली त्याचा डबा हाताला पोकळ लागतो. वजन म्हणजेच सगळं असं नाही, लोखंडाचा तुकडा आत टाकून फसवणारेही मी पाहिले आहेत. पण हलका डबा चांगला निघालेला मात्र मी पाहिलेला नाही.

काळा डबा बसवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन पुन्हा बंद! मीनाने माझ्याकडे असं पाहिलं की बस. मी खोलीत जाऊन पाहतो तर कॉम्प्युटरच्या पेटीवर क्रोशाचा रुमाल मागेपर्यंत सोडलेला, आणि मागच्या पंख्याला अगदी खेटून पत्रिकांचे गठ्ठे रचलेले. रुमाल ओढून काढला, गठ्ठे हलवले. तेव्हापासून मशीनने हूं की चूं केलेलं नाही.

"हे कुठं शिकलात हो बाबा?" तिने विचारलं.

"अनुभव," मी म्हटलं आणि चहा मागितला.

खरं तर डबा उचलून पाहणं हा माझा अनुभव. रुमाल ओढून काढणं हा दुसऱ्याचा. तो दुसरा कोण, हे सुनेला सांगायची माझी अजून इच्छा नाही. इथे लिहितो, कारण ती दिवाळी अंकात फक्त भविष्य वाचते.

आता मूळ गोष्ट. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि आमच्या भागात खेड्याखेड्यांत विजेचे खांब उभे राहत होते. त्याआधी गावात रेडिओ म्हणजे बॅटरीचा सेट. भला मोठा लाकडी डबा आणि त्याच्या पोटात विटेएवढी कोरडी बॅटरी. ती संपली की बदलायला मलकापूर गाठायचं. म्हणून निवडणुकीच्या बातम्या आणि कापसाचे भाव सोडले तर लोक रेडिओ जपून लावायचे. गावात वीज आली की पहिला प्रश्न असायचा, भाऊ, आता आमचा रेडिओ ह्या विजेवर चालन का?

तर चालायचा. मधे एक पेटी जोडावी लागायची. तिला आम्ही एलिमिनेटर म्हणायचो, बॅटरीला घरी बसवणारी पेटी. खांबावरची वीज पुढे-मागे धावते, रेडिओला एकाच दिशेने चालणारी लागते. पेटीतला ट्रान्सफॉर्मर आधी विजेचा जोर कमी करतो. मग सेलेनियमच्या पट्ट्या तिला एकाच बाजूने जाऊ देतात. मग कंडेन्सर तिचे हेलकावे शांत करतो, नाहीतर गाण्याऐवजी नुसती घरघर ऐकू येते. एवढंच शास्त्र. पण ह्यात कोणी कुचराई केली तर रेडिओतले नाजूक काचेचे व्हॉल्व्ह एका झटक्यात जायचे. आणि आमच्याकडची वीज तर काय सांगावी! दिवसभर शेतातले पंप चालू, तेव्हा बल्बची तार लाल दिसायची. संध्याकाळी पंप बंद झाले की तोच बल्ब डोळे दिपवायचा. त्या उडीत चांगले चांगले एलिमिनेटर भाजून निघायचे. सेलेनियम जळल्याचा वास ज्याने घेतला तो जन्मात विसरत नाही. लोक घरात उंदीर मेला म्हणून शोधत फिरायचे.

माझा ट्रान्सफॉर्मर त्या उडीतही जळायचा नाही. हे मी छाती ठोकून सांगतो. मी तो स्वतः गुंडाळायचो, तार गरजेपेक्षा एक नंबर जाड घ्यायचो, दर थरावर तेलाचा कागद घालायचो. शेवटचा फेरा झाला की वर लाल नाडा बांधायचो, पूजेचा असतो तो. पहिल्यांदा दुसरा दोरा सापडला नाही म्हणून बांधला, मग सवय पडली. माझी पेटी उचलताना माणसाच्या तोंडातून 'अबब' निघालंच पाहिजे, असा माझा हट्ट होता. पेटीला वरून मी चांगली सपाट, गुळगुळीत सागवानी फळी बसवायचो आणि पॉलिश करायचो. ह्या फळीबद्दल पुढे येईलच.

ह्या दुकानासाठी मी जिनिंग फॅक्टरीतली वायरमनची नोकरी सोडली होती. सोडताना तिथला फोरमन सगळ्यांसमोर म्हणाला होता, "जाय जाय. येशीनच परत. तुही जागा मी रिकामी ठेवतो." ते वाक्य माझ्या कानात बसलं होतं. काहीही झालं तरी त्या माणसाच्या दारात परत जायचं नाही, ह्या एका जिद्दीवर मी सकाळी दुकान उघडायचो.

आणि मग समोर गफूर आला.

गफूरचं घराणं टिनकाम करणारं. वडील डबे, कंदील, पन्हाळी बनवायचे. हा कुठेतरी भुसावळकडे रेडिओचं काम शिकून आला आणि माझ्या दुकानाच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे, याने दुकानाची फळी टाकली. मलकापूर काय लहान आहे? पण नाही, माझ्यासमोरच.

मी सांगतो, मला त्याच्या एकेका गोष्टीचा राग यायचा. त्याच्या दुकानात लोक हसायचे. माझ्या दुकानात लोक गप्प बसून आपली पाळी यायची वाट पाहायचे, दवाखान्यासारखे. त्याच्याकडे चहा आला की एक कप रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचा, आणि तो चहाही मेला चांगला असायचा. मला कायम 'तुमी' म्हणायचा, त्यामुळे भांडायला जागाच नाही. आमची मंडळीसुद्धा एकदा म्हणाली, "गफूरभाई किती हसून बोलतात हो!" त्या दिवशी मी जेवलो नाही.

आणि त्याची पेटी! हलकी. ट्रान्सफॉर्मर बाजारातला, तयार, बारीक तारेचा. मी एकदा एका गिऱ्हाइकाच्या हातातून घेऊन उचलून पाहिली, उचलताना जोर जास्त लावला गेला आणि ती जवळजवळ छताला लागली. वरून काय, तर दोन्ही बाजूंनी उतरतं टिनाचं छप्पर. खेड्यातल्या घरावर असतं तसं, मधे आढं, खाली वळचण. वळचणीखाली ओळीने भोकं पाडलेली. मी तिला कोंबड्यांचं खुराडं म्हणायचो. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचो. गफूर समोरून हात जोडायचा. "बराबर हाय वासुभाऊ. अंडं देल्लं तं पयलं तुमाले."

असं चाललं असताना वरवट बकालच्या पाटलांचं काम निघालं. पाटील म्हणजे तिथले सरपंच. गावात नवी वीज आली होती, दोन सार्वजनिक रेडिओ होते, एक ग्रामपंचायतीत आणि एक वाचनालयात. संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागला की निम्मं गाव ऐकायला जमायचं. पाटलांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं, म्हणजे एसटीत शेजारी शेजारी बसून जावं लागलं. सगळ्या वाटेत गफूर कंडक्टरला हसवत होता.

पाटील म्हणाले, "वासुभाऊची पेटी पंचायतीत ठेवा, मिस्त्रीची वाचनालयात. पोळ्यापासून दिवाळीलोक चालू द्या. जे टिकन ते आमची. अन् आजूबाजूच्या गावाईतही मी तेच सांगीन."

आजूबाजूची गावं म्हणजे किती, ते मला माहीत होतं. सगळीकडे खांब उभे राहत होते. हे काम मिळालं तर फोरमनच्या तोंडावर कायमचं कुलूप, नाही मिळालं तर दिवाळीनंतर दुकान चालवायला गिऱ्हाईक उरणार नव्हतं. मी परत येताना खिडकीतून बाहेर पाहत मनातल्या मनात हसत होतो. एका बाजूला माझं तांबं, दुसऱ्या बाजूला खुराडं. ह्याला काय पैज म्हणायचं?

दसऱ्याच्या आत निरोप आला. पंचायतीतला रेडिओ बंद, खोलीत मेल्या उंदराचा वास.

माझा विश्वास बसेना. पहिला विचार काय आला असेल? गफूरने काहीतरी केलं. मी तडक त्याच्या फळीपुढे जाऊन उभा राहिलो. "वरवटले गेलता काय रे तू?"

त्याने पक्कड खाली ठेवली. "नाई तं. काऊन? काय झालं?"

त्याच्या चेहऱ्यावर खरंच काळजी दिसली, त्याने मला आणखीच चीड आली. मी दुसरी पेटी घेऊन वरवटला गेलो. जळालेली उघडली. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत, माझा लाल नाडासुद्धा जसाच्या तसा. सेलेनियमच्या पट्ट्या मात्र भाजून काळ्या. मला कळेना. विजेच्या उडीने जायच्या तर ट्रान्सफॉर्मर आधी बोलला असता. काहीतरी बाहेरून शिजलं होतं. मी नवी पेटी बसवली, तास-दोन तास बसून पाहिलं, हात लावून पाहिला. कोमट. जशी पाहिजे तशी. निघालो.

पण एसटी चुकली. म्हणून सांजेला परत पंचायतीकडे वळलो, म्हटलं कार्यक्रम ऐकावा. दारात कोतवालाची बायको गंगूबाई भेटली. पंचायतीची झाडलोट तिच्याकडे होती आणि रेडिओची देखभालही तिनेच अंगावर घेतली होती. मला पाहून तिचं तोंड फुललं.

"बसा भाऊ. दही खाता?"

पितळी वाटीत दही आलं. काय दही होतं! सुरीने कापावं असं. मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "वा बाई! पावसाळी हवेत असं दही? आमच्या घरी तं सारं पानी पानी होते."

"तुमच्याच कृपेनं भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या पेटीवर लय मस्त लागते."

माझ्या हातातली वाटी तिथेच थांबली.

ती मला आत घेऊन गेली. माझी पेटी दिसतच नव्हती. तिच्यावर गोधडी, चौपदरी घडी करून चारही बाजूंनी नीट खोचलेली, आणि गोधडीच्या आत, माझ्या पॉलिश केलेल्या सपाट सागवानी फळीवर, विरजणाचं गाडगं. रेडिओ त्या वेळी खत कधी द्यावं ते सांगत होता.

"हे... हे रोज ठेवता?"

"हाव. ऊब जाऊ नाई म्हून झाकून ठेवतो. पाटलाच्या घरचंही गाडगं असते कधी कधी. आधीची पेटी तं लय चांगली होती, लवकर लागे. काऊन बंद पडली काय मालूम."

मी डोक्याला हात लावला. पेटीच्या बाजूंना हवेसाठी पाडलेली भोकं सगळी गोधडीने बुजलेली. विजेच्या आधी तिचा श्वासच कोंडला होता. माझं तांबं तासन् तास उबेत कुजत होतं आणि सेलेनियम आत शिजत होतं.

"अन् वाचनालयातल्या पेटीवर काऊन नाई ठेवत?" मी विचारलं. आवाज चढलाच होता.

गंगूबाई हसली. "ठेवून पाह्यलं नं. घसरून पडते. एक गाडगं फुटलं माह्यं. त्या मिस्तर्‍याच्या पेटीवर कायबी टिकत नाई, रुमालबी घसरते."

मी तसाच वाचनालयात गेलो. गफूरची पेटी खिडकीशी उघडीबोडकी बसली होती. छपराला हात लावला तर गरम, कारण आत बारीक तार होती. पण वळचणीखालच्या भोकांतून गरम हवा सरळ बाहेर येत होती, बोट धरलं तर कळत होती. कोणाला तिच्यावर काही ठेवताच येत नव्हतं. फुलांचा हार घातला तर तोही खाली आला असता. मी तिथे उभा राहिलो आणि खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटलं. माझ्या पेटीत जे होतं ते सगळं त्याच्यापेक्षा सरस होतं. तार सरस, कागद सरस, कंडेन्सर सरस. आणि हा टिनवाला मला एका उतारावर हरवत होता!

गंगूबाईला मी हात जोडून सांगितलं, बाई, ह्याच्यावर काही ठेवू नका. तिचं तोंड उतरलं. "मंग इतकी साजरी फळी काऊन बसवली भाऊ?" मी लाल रंगाने फळीवर ठळक लिहिलं, 'यावर काही ठेवू नये.' त्यावर बारीक नक्षीही काढली.

दिवाळीच्या आधी ती पेटीही गेली. गंगूबाईने शब्द पाळला होता, गाडगं ठेवलं नव्हतं. पण पाटलांच्या घरच्या कोणीतरी अक्षरांवरची नक्षी खराब होऊ नये म्हणून वर जाड कापड अंथरलं होतं.

काम गफूरला गेलं. पाटील माझ्याशी चांगले बोलले. "वासुभाऊ, तुमचा माल भारी हाय, मले कळते. पन आमच्या लोकाईच्या हातात टिकला पायजे नं?" परतीच्या एसटीत मी एकटाच होतो. त्या हंगामात मी जिनिंगच्या फाटकातून परत आत गेलो. फोरमन नुसता माझ्याकडे पाहून पान चघळत राहिला. दिवसा जिनिंग, संध्याकाळी दुकान, असे हंगाम काढले मी. आणि दुकानात बसलो की समोर गफूरच्या फळीवर खेड्यांतले लोक, खुराड्यांची रांग, आणि हसणं.

एके दिवशी तो स्वतः रस्ता ओलांडून आला. हातात दोन कप चहा.

"वासुभाऊ, एक बात बोलू? राग मानू नका. तुमचं आतलं काम माह्या बापजन्मात मले जमनार नाई. पन तुमची पेटी म्हंजे पाट हाय पाट. लोकं त्याच्यावर बसले नाईत हेच नशीब."

मी हातातली तार गुंडाळत राहिलो.

"अपुन मिळून करू. आत तुमचं, वर माह्यं. नाव तुमचंच लावा. मले नावाचं काय करायचं हाय?"

नाव तुमचंच लावा! ते ऐकून तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतका मोठेपणा ह्याला परवडतो कसा? मी म्हटलं, "माह्या तांब्यावर तुह्यं टिन? जमनार नाई."

त्याने माझ्यासमोरचा कप हळूच पुढे सरकवला. "चाय तं घ्या. चाय मिळूनच केलेला हाय, दूध तुमच्या गल्लीतलं." आणि निघून गेला. चहा मी घेतला. तोही चांगला होता.

धंद्यात विचित्र गिऱ्हाइकं येतातच. त्यातला एक सुपडाभाऊ, जिनिंगमधल्या हमालांचा मुकादम. वर्षभराने असेल, तो आला आणि म्हणाला, एक ट्रान्सफॉर्मर दे, चांगल्यातला चांगला. पेटी नको.

"पेटी काऊन नको, सुपडाभाऊ?"

"हाय घरी."

"रेडिओ कुठी हाय तुमच्या घरी?"

"अरे, तुले विकाचा हाय का इचारपूस कराची हाय?"

मी उत्तमातला गुंडाळला. तार आणखी जाड घेतली, कारण पेटीविना नुसतं माझं काम मागणारा तो पहिलाच माणूस होता. लाल नाडा बांधून हातात दिला. सुपडाभाऊने तो दोन्ही हातांनी उचलला आणि 'अबब' म्हणाला. त्या दिवशी मला बरं वाटलं.

पुढे ट्रान्झिस्टर आले. खिशात मावणारे, बारक्या सेलवर चालणारे. एलिमिनेटरचा धंदा बसला, माझाही आणि त्याचाही, आणि ह्यात माझ्या मनाला थोडा गारवा मिळाला हे मी लपवत नाही. मग मी पंपाच्या मोटारी गुंडाळल्या, टीव्ही आल्यावर स्टॅबिलायझर बनवले. त्यांना छप्पर नाही बसवलं. वर मूठ बसवली, उचलायला म्हणून, म्हणजे गाडगं बसू नये. मूठ ही माझी अक्कल होती, कोणाची उचललेली नव्हती. गफूर समोरच होता, केस पांढरे झाले होते, तो मूठ पाहून म्हणाला, "वा वासुभाऊ!" मला खात्री आहे की त्याला कळलं होतं.

तो गेला तेव्हा मी मातीला गेलो. लोक इतके होते की स्टेशनचा रस्ता भरला. मला तेव्हाही वाटलं, माझ्या वेळी एवढे येतील का?

त्यानंतर काही महिन्यांनी जुबेदाभाभी, त्याची बायको, माझ्या दुकानात आली. कडेवर धरावी तशी एक पेटी धरलेली, ओढणीने झाकलेली. चालून दमली होती. टेबलावर ठेवली तेव्हा टेबल हललं.

"भाऊ, त्यांचा पुराना रेडिओ घरघर करून राह्यला. ते बोलून गेले होते, ये पेटी वासुभाऊशिवाय कोनाच्या हातात देजो नको."

मी ओढणी बाजूला केली. टिनाचं छप्पर. मधे आढं, खाली वळचण, ओळीने भोकं. खुराडं. पण गफूरचं खुराडं एवढं जड कधीपासून झालं? मी चार स्क्रू काढले आणि छप्पर उचललं.

आत लाल नाडा होता. रंग उडून गुलाबी झालेला, पण गाठ माझी. ती जाड तार, ते थर, तेलाच्या कागदाची ती घडी. सुपडाभाऊच्या घरी रेडिओ नव्हताच कधी. तो गफूरचा रोजचा चहाचा गडी, हे मला माहीत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता.

छाती फुगली माझी. साऱ्या तालुक्याला त्याने बाजारातले ट्रान्सफॉर्मर विकले, पण स्वतःच्या घरी, स्वतःच्या रेडिओला, माझं तांबं! हे कोणीतरी ऐकायला हवं होतं. पाटील हवे होते, फोरमन हवा होता. आणि दुसऱ्याच क्षणी माझं जळणं पुन्हा सुरू झालं. आत माझं, वर त्याचं. माझं काम आणि त्याचं छप्पर. मलकापुरात बनलेली सगळ्यात चांगली पेटी माझ्यासमोर होती, इतकी वर्षं ती चालली होती, आणि ती बनवली होती त्याने. मला त्याने बोलावलं होतं, चहा घेऊन बोलावलं होतं, मी गेलो नाही. मग त्याने माझ्याशिवायच ती करून टाकली. एकच केली, घरापुरती, आणि कोणाला बोलला नाही.

मी काम करायला घेतलं. एक कंडेन्सर सुकला होता, म्हणून घरघर. बदलला. भाभी बाकावर बसून पाहत होती.

"क्या बिघडलं होतं भाऊ?"

"त्याच्याकडचा एक कंडेन्सर गेलता," मी म्हटलं. "माह्याकडचं काई बिघडलं नाई."

भाभी ओढणी सावरत हसली. अगदी त्याच्यासारखीच हसली, इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर येतच असेल. "ते असते तं इचारते," ती म्हणाली, "वरून आत काई सांडलं का, वासुभाऊ?"

मी दिवा जवळ घेतला आणि नीट पाहिलं. कोपऱ्यांत पाहिलं, पट्ट्यांच्या मागे पाहिलं. एक डाग नव्हता, एक थेंब नव्हता. सापडला असता तर मी सांगितला असता.

"नाई," मी म्हटलं.

मग छप्पर बसवलं, चारही स्क्रू आवळले, आणि भाभीच्या हातात द्यायच्या आधी पेटी दोन्ही हातांनी एकदा उचलून पाहिली. चांगली जड होती.